‘वन्स अपॉन अ टाइम’चा वंशवृक्ष काढता येईल का?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना ‘काय करणार?’ असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘अमुकतमुकचा तुलनात्मक अभ्यास’. हा विषय झाला. प्रश्न अजून झालेला नाही. विषयावर वाचत बसता येतं, टिपणं काढता येतात, वर्ष निघून जातं. प्रश्नाचं तसं नाही. प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं, आणि चुकू शकतं म्हणूनच त्यावर काम करता येतं. या दोन्हींमधलं अंतर दाखवण्यासाठी आज एक टीव्ही मालिका घेऊ या. माझं स्वतःचं काम जीवशास्त्रातलं, सजीवांची नाती शोधून त्यांचे वंशवृक्ष काढण्याचं. पण गेल्या काही वर्षांत हीच पद्धत परीकथांवर वापरली गेली आहे. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा, दोन्ही गोष्टींच्या उदाहरणातून फार चटकन कळतात.

मालिका थोडक्यात

‘वन्स अपॉन अ टाइम’ ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची मालिका. एडवर्ड किटसिस आणि ॲडम हॉरोविट्झ हे तिचे निर्माते-लेखक. ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली, मे २०१८ मध्ये संपली, एकूण सात हंगाम. दुष्ट राणीच्या शापामुळे परीकथांमधली सगळी माणसं आपल्या जगात, मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात येऊन पडली आहेत आणि आपण कोण हे विसरली आहेत. हिमगौरी शाळेत शिकवते, राणी गावची मेयर आहे, रम्पलस्टिल्टस्किन जुन्या वस्तू गहाण ठेवून घेणारं दुकान चालवतो.

मालिका गोष्टी नुसत्या पुन्हा सांगत नाही, एकमेकींत मिसळते. पहिल्या हंगामाच्या चौथ्या भागात सिंड्रेलाला मदत करायला परी येते, पण रम्पलस्टिल्टस्किन त्या परीला मारतो आणि स्वतः सिंड्रेलाशी सौदा करतो. किंमत काय, तर पहिलं मूल. बाराव्या भागात ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला पशूही तोच निघतो. दुसऱ्या हंगामात कॅप्टन हुक ज्याला ‘मगर’ म्हणतो तोही हाच. एक माणूस, तीन-चार गोष्टींमधल्या जागा. पंधराव्या भागात लाल टोपीवाल्या मुलीला कळतं, की गावाला छळणारा लांडगा म्हणजे ती स्वतःच.

आता ‘मालिकेतील परीकथांचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय. यातून प्रश्न कसा काढायचा? एक प्रश्न असा: ही मालिका कोणाची वंशज? ग्रिम बंधूंची, डिस्नेची, की दोघांचीही? याचं उत्तर तपासता येतं.

आधी एकक ठरवा

तुलना करायची तर कशाची कशाशी, हे आधी ठरायला हवं. लोककथांच्या अभ्यासकांनी हे काम फार पूर्वी सुरू केलं. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांची सूची काढली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये ती वाढवली, आणि २००४ मध्ये जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी तिची नव्याने मांडणी केली. तिघांच्या आडनावांवरून तिला एटीयू सूची म्हणतात. तिच्यात सिंड्रेला ५१० अ, हिमगौरी ७०९, लाल टोपीवाली ३३३, रम्पलस्टिल्टस्किन ५००. जीवशास्त्रात प्रजातीला नाव असतं, तसा इथे गोष्टीला नंबर.

पण नंबर मिळाला म्हणजे एकक मिळालं असं नाही. ‘ग्रिमची हिमगौरी’ असं आपण सहज म्हणतो. कुठल्या आवृत्तीतली? १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. ‘मूळ कथा’ असं लिहिण्याआधी म्हणूनच आवृत्तीचं वर्ष लिहायची सवय लावून घ्या. परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच असतो.

गुणधर्मांचा तक्ता

पुढची पायरी तक्त्याची. प्रत्येक ओळीत गोष्टीचं एकेक रूप, प्रत्येक स्तंभात एकेक गुणधर्म. असेल तर १, नसेल तर ० आणि माहिती नसेल तर प्रश्नचिन्ह. पहिलं मूल मागितलं जातं का? बापाच्या सौद्यापायी मुलीला परक्याच्या घरी राहावं लागतं का? गवतापासून सोनं कातलं जातं का?

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात खरी डोकेफोड इथेच आहे. रम्पलस्टिल्टस्किनचं नाव घ्या. ग्रिमच्या गोष्टीत त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं. राणीला ते कळतं आणि त्याची सत्ता संपते. मालिकेत त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लोक नाव घेऊनच त्याला बोलावतात. म्हणजे ‘नाव ओळखणे’ या स्तंभात ० लिहायचं का? थांबा. मालिकेत एक खंजीर आहे. त्याच्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे आणि तो ज्याच्या हातात, त्याच्या हुकमात रम्पलस्टिल्टस्किन. म्हणजे नाव आणि सत्ता यांची सांगड कायम आहे, फक्त ती जिभेवरून खंजिरावर गेली.

मग हा जुनाच गुणधर्म बदललेल्या रूपात आहे की नवा? जीवशास्त्रात याला समरचनेचा प्रश्न म्हणतात. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात वरवर वेगळे दिसतात, पण हाडांची मांडणी एकाच पूर्वजाकडून आलेली. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख दोन्ही उडायलाच, पण त्यांचा उगम वेगळा. खंजिराबद्दल मी ‘बदललेलं रूप’ असं लिहीन, कारण त्याच्यावर कोरलेलं आहे ते नावच. तुमचं मत वेगळं असू शकतं. ते चालतं. मात्र नियम विश्लेषणाच्या आधी लिहून ठेवायचा आणि सगळ्या ओळींना सारखा लावायचा. निकाल बघून नियम बदलणं चालत नाही. शिवाय तोच तक्ता दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे भरून घ्या आणि दोन तक्ते किती जुळतात ते मोजा.

डोळ्यात भरणारा बदल कामाचा असतोच असं नाही

मालिकेतला सगळ्यात धक्कादायक बदल कोणता? लाल टोपीवाली मुलगीच लांडगा. पण ‘ही मालिका कोणाची वंशज?’ या प्रश्नासाठी तो निरुपयोगी आहे. तुमच्या तक्त्यात तो एकाच ओळीत असेल, आणि एकाच ठिकाणी असलेला गुणधर्म नातं सांगू शकत नाही. नातं दिसायला किमान दोघांत काहीतरी सारखं लागतं.

ते सारखेपणही कुठलंही चालत नाही. ‘मुलगी जंगलात जाते’ हे सगळ्यांतच असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. हवा असतो तो मध्येच कधीतरी नव्याने आलेला आणि नंतर काहींनाच वारशात मिळालेला बदल. मालिकेत असे बदल आहेत आणि ते दिसायला अगदी साधे आहेत. ग्रिमच्या गोष्टीत सात बुटक्यांना नावंच नाहीत. डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटात त्यांना ग्रम्पी, डोपी वगैरे नावं मिळाली. मालिकेत ग्रम्पी आहे. ग्रिमच्या शेवटच्या आवृत्तीत शवपेटी नेणारे अडखळतात, घशातला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि हिमगौरी जागी होते. १९३७ च्या चित्रपटात ती राजपुत्राच्या चुंबनाने जागी होते. मालिकेतही चुंबनानेच. म्हणजे हिमगौरीपुरती ही मालिका डिस्नेच्या फांदीवर बसते. एबीसी वाहिनीची मालकी डिस्नेकडे आहे हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. पण आपण इथवर मालकीवरून आलो नाही, गुणधर्मांवरून आलो. दोन वेगवेगळे पुरावे एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर निष्कर्षाला बळ येतं.

हा विचार फक्त जीवशास्त्राचा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. तिथेही हस्तलिखितांची घराणी लावताना हाच तर्क होता. दोन पोथ्यांत नंतरची तीच भर किंवा तीच चूक सापडली, तर त्यांचा पूर्वज एक असण्याची शक्यता वाढते. विष्णु सीताराम सुकथनकरांना तिथे जी अडचण सतत भेडसावत होती, तीच आपल्याला पुढे भेटणार आहे: लेखनिक एका पोथीवरून लिहिताना दुसरीतलंही उचलायचे. घराण्यांची सरमिसळ व्हायची.

लाल टोपीवालीचा अभ्यास

ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ जेमी टेहरानी यांनी २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न नेमका होता. युरोपातली लाल टोपीवाली, ‘लांडगा आणि बकरीची पिल्लं’ ही गोष्ट (एटीयू १२३) आणि चीन, जपान, कोरियाकडची ‘वाघीण आजी’ ही एकच गोष्ट की वेगवेगळ्या? वाघीण आजीच्या गोष्टीत घरात एकापेक्षा जास्त मुलं असतात आणि आजी बनून आलेला वाघ त्यांना फसवतो. म्हणजे ती थोडी या गोष्टीसारखी, थोडी त्या.

त्यांनी गोष्टीची ५८ रूपं घेतली आणि ७२ गुणधर्म तपासले. नायक एकटा की भावंडं, खलनायक लांडगा की वाघ की राक्षस, फसवायची युक्ती कोणती, शेवटी बळी खाल्ला जातो की सुटतो, असे. तक्ता तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासला. एक, कमीत कमी बदलांत बसणारं झाड शोधणारी. दुसरी, बेझियन संभाव्यतेची. तिसरी झाडाऐवजी जाळं काढणारी. निकाल असा, की युरोपातली लाल टोपीवाली एक वेगळं घराणं आहे. आफ्रिकेतल्या, वरवर लाल टोपीवालीसारख्या वाटणाऱ्या गोष्टी बकरीच्या पिल्लांच्या घराण्यातल्या ठरल्या. पूर्व आशियातली वाघीण आजी दोन्हींच्या मिश्रणातून झालेली दिसते. याआधी काही अभ्यासक तिलाच या सगळ्या गोष्टींचं मूळ मानत होते. टेहरानींच्या मते बाण उलटा हवा.

इथे शिकण्यासारखं काय? तीन पद्धती वापरल्या ते हौस म्हणून नाही. प्रत्येक पद्धतीची गृहीतकं वेगळी असतात. तीन वेगळ्या गृहीतकांवरून तेच उत्तर आलं तर ते उत्तर पद्धतीने आपल्याला चिकटवलेलं नाही, याची थोडी खात्री वाटते.

‘चार हजार वर्षांची गोष्ट’: वय आलं कुठून?

२०१६ मध्ये टेहरानी आणि पोर्तुगालच्या लोककथा-अभ्यासक सारा ग्रासा दा सिल्वा यांनी ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये पुढचा निबंध लिहिला. इंडो-युरोपीय भाषा बोलणारे ५० समाज, जादूच्या २७५ गोष्टी. कुठल्या समाजात कुठली गोष्ट आहे आणि कुठली नाही, एवढीच माहिती घेतली. मग ती भाषांच्या वंशवृक्षावर बसवली.

यामागे एक जुनं भांडण आहे. विल्हेल्म ग्रिम यांचं म्हणणं, या गोष्टी इंडो-युरोपीय पूर्वजांकडून भाषेबरोबर वारशाने आल्या. थिओडोर बेनफे यांनी १८५९ मध्ये पंचतंत्राचा जर्मन अनुवाद काढला आणि म्हटलं, गोष्टी भारतातून प्रवास करत पश्चिमेकडे गेल्या. पंचतंत्रापुरतं तर तसं घडलंच आहे: संस्कृतातून सहाव्या शतकात पहलवीत, तिथून आठव्या शतकात अरबीत ‘कलिला व दिम्ना’ म्हणून, आणि पुढे युरोपात. एक वारसा आजीकडून नातीला मिळणारा, उभा. दुसरा शेजारणीकडून शेजारणीला, आडवा. फ्रान्सिस गाल्टन यांनी एडवर्ड टायलर यांच्या १८८८ च्या निबंधावर हीच शंका काढली होती: ही सगळी उदाहरणं एकमेकांपासून स्वतंत्र कशावरून? सांख्यिकीत या शंकेला आजही ‘गाल्टनचा प्रश्न’ म्हणतात.

दा सिल्वा आणि टेहरानी यांनी म्हणून आधी चाळणी लावली. ज्या गोष्टींचा पसारा भौगोलिक शेजारापेक्षा भाषेच्या नात्याने जास्त चांगला समजतो, त्याच पुढे घेतल्या. २७५ पैकी ७६ उरल्या. त्यांतली ‘लोहार आणि सैतान’ (एटीयू ३३०) थेट मूळ इंडो-युरोपीय समाजापर्यंत, कांस्ययुगापर्यंत मागे जाते असा त्यांचा निष्कर्ष. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि रम्पलस्टिल्टस्किन या गोष्टी त्या कुटुंबाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या शाखा वेगळ्या होत होत्या त्या काळापर्यंत, म्हणजे २५०० ते ६००० वर्षांपूर्वीपर्यंत. बातम्यांत मात्र ‘चार हजार वर्षं जुनी परीकथा’ एवढंच आलं.

आता नीट बघा. गोष्टीचा जीवाश्म नसतो. गोष्टीत कार्बन नसतो. मग वय आलं कुठून? भाषांच्या झाडातून. झाडावरचा फाटा इतक्या वर्षांपूर्वीचा, गोष्ट त्या फाट्याच्या आधी होती असं गणित म्हणतं, म्हणून गोष्ट तितकी जुनी. आणि भाषांच्या झाडाचं वय हा स्वतःच वादाचा मुद्दा आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातली मानली तर साधारण ६००० वर्षं, आजच्या तुर्कस्तानातली मानली तर त्याहून दोन-तीन हजार वर्षं जास्त. झाड बदललं की गोष्टीचं वय बदलणार. कुठलाही निबंध वाचताना हा प्रश्न विचारा: हा आकडा या माहितीतून आला, की उसन्या घेतलेल्या गृहीतकातून? उसनं घेण्यात वाईट काही नाही. उसनं घेतलंय हे लिहायला हवं, बस.

शून्य म्हणजे काय?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. तक्त्यात ० लिहिलं याचा अर्थ ‘या समाजात ही गोष्ट नाही’. पण ‘कोणी लिहून घेतली नाही’ याचं चिन्हही बऱ्याचदा ० च पडतं. हे दोन्ही एक नाहीत.

२०१७ मध्ये गोष्टींचा प्रसार जनुकीय माहितीशी जोडून बघणारा एक निबंध ‘पीएनएएस’मध्ये आला. त्यावर त्याच नियतकालिकात लेखी आक्षेप आला, की आधी माहितीच एकांगी नसायला हवी. आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द उथर होते, ज्यांच्या नावावर ती सूची आहे ते. स्वतःच्या सूचीने काय सिद्ध होऊ शकत नाही, हे तिच्या कर्त्यानेच सांगावं, यातून बरंच काही शिकता येतं.

आपल्याकडचं चित्र बघा. ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे मेरी फ्रिअर यांचं १८६८ मधलं पुस्तक म्हणजे भारतातल्या लोककथांच्या सुरुवातीच्या इंग्रजी संग्रहांपैकी एक. त्या मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. दख्खनच्या प्रवासात त्यांच्या आयाने, ॲना लिबराटा डिसूझा यांनी, या गोष्टी सांगितल्या, आणि त्यांनी त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. एका आजीच्या गोष्टी एका नातीमुळे छापल्या गेल्या, म्हणून तक्त्यात १ झाल्या. त्याच काळात शेजारच्या गावांतल्या ज्या आजींना कोणी विचारलं नाही, त्यांच्या जागी ०. आणि गणित त्या ० वरून निष्कर्ष काढतं. जीवशास्त्रातही तेच: सर्वेक्षण झालं नाही त्या डोंगरावर प्रजाती ‘नाही’ असं नकाशा म्हणतो. तुमच्या तक्त्यात ० आणि प्रश्नचिन्ह वेगळे ठेवा. कंटाळवाणं आहे, पण अख्खा प्रबंध त्यावर उभा असतो.

झाड की जाळं?

पुन्हा मालिकेकडे. सिंड्रेलाच्या भागात परी गायब आणि पहिल्या मुलाचा सौदा हजर. म्हणजे ५०० मधला गुणधर्म ५१० अ मध्ये घुसला. बॅक्टेरिया असं सर्रास करतात. प्रतिजैविकांना दाद न देणारं जनुक एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे आडवं जातं, आई-मुलीच्या नात्याशिवाय. अशा वेळी झाड काढलं तर सॉफ्टवेअर झाड काढून देतं. त्याला जे सांगाल ते ते करतं. पण ते झाड खोटं असतं.

म्हणून माझं उत्तर असं: मालिकेचा वंशवृक्ष एका पात्रापुरता, एका गोष्टीपुरता काढता येईल. हिमगौरीचा भाग डिस्नेच्या फांदीवर नीट बसतो. संपूर्ण मालिकेचं मात्र जाळंच निघेल, आणि रम्पलस्टिल्टस्किन त्या जाळ्यातली सगळ्यात दाट गाठ असेल. आपला अंदाज चुकीचा ठरवायचा मार्गही सांगते: तक्ता भरल्यावर जाळं काढणाऱ्या पद्धतीनेही स्वच्छ, एकेरी फांद्या निघाल्या, तर मी चुकले.

तुम्ही करून बघा

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत खायला टपलेली जनावरं, परत येताना भोपळ्यात बसून केलेला प्रवास. हीच गोष्ट बंगालमध्ये सांगतात आणि इराणमध्येही. मराठी, बंगाली आणि फारसी या तिन्ही इंडो-इराणी भाषा, म्हणजे वारसा उभा असू शकतो. पण फारसीचा आणि आपला शेकडो वर्षांचा निकटचा संबंधही आहे, म्हणजे तो आडवाही असू शकतो.

आधी एका वाक्यात प्रश्न लिहा. मग दहा गुणधर्म ठरवा. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या मैत्रिणीच्या आजीला ही गोष्ट माहीत आहे का ते विचारा, कारण भाषेचं कुटुंब वेगळं आणि शेजार मात्र जवळचा, अशी ओळच दोन शक्यतांमध्ये फरक करू शकते. आजी ‘नाही’ म्हणाल्या तर ० लिहा. आजींना विचारायचं राहून गेलं तर प्रश्नचिन्ह लिहा.